एमवर फोटो काळे येतात आणि ऑटोची लाज वाटते

पत्र थोडक्यात: साताऱ्याजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, सत्तेचाळीस वर्षांच्या वाचक लिहितात, "फुलापानांची आवड म्हणून गेल्या वर्षी कॅननचा १५००डी घेतला, दोन लेन्सवाला किट, १८-५५ आणि ५५-२५०. एक दिवसाचं वर्कशॉप केलं. तिथले सर म्हणाले, ऑटोवर काढायचे तर कॅमेरा घेतलाच कशाला, खरा फोटोग्राफर एमवरच, म्हणजे मॅन्युअलवर सगळं हाताने लावून काढतो. तेव्हापासून एमच वापरते, पण फोटो एकतर काळाकुट्ट नाहीतर पांढराफट्ट. सप्टेंबरात कासला गेलो, मी एका फुलाशी झटत होते तोवर भाचीने फोनवर धडाधड फोटो काढून स्टेटसला पण टाकले आणि तिचेच छान होते. आता पुढच्या महिन्यात दिरांच्या मुलीचं बारसं आहे, घरचे म्हणतात फोटोग्राफरचे पैसे वाचले, कॅमेरा घरचाच आहे. मिस्टर म्हणतात किंमत येतेय तोवर विकून टाक. पुतण्या म्हणतो किट लेन्स भिकार असते, ५० एमएम घे. वयामुळे जमत नाहीये का? मॅन्युअल शिकू, लेन्स घेऊ की विकून मोकळी होऊ?"

ताई,

त्या सरांचं वाक्य आधी बाजूला ठेवूया, कारण तुमच्या पत्रातली निम्मी अडचण तिथून आलीये. फोटो काढून ज्यांचं घर चालतं असे कितीतरी लोक दिवसभर एव्हीवर नाहीतर टीव्हीवर काम करतात (एव्ही म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याच्या चाकावरचा अ‍ॅपर्चरवाला मोड, लेन्सचं भोक किती उघडायचं ते तुम्ही ठरवता आणि बाकीचं कॅमेरा; टीव्ही म्हणजे शटरवाला, शटर किती वेळ उघडं राहायचं ते तुम्ही ठरवता; निकॉनवाल्यांकडे टीव्हीच्या जागी एस आणि एव्हीच्या जागी ए) आणि त्यांना कोणी विचारत नाही की चाक कुठे होतं म्हणून.

एमवर तुम्ही नेमकं काय करता ते आठवून बघा. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) खाली ती छोटी पट्टी दिसते, तिचा काटा मधोमध येईपर्यंत चाक फिरवता, बरोबर ना? तर हेच काम एव्हीवर कॅमेरा क्षणात करतो. तोच काटा, तोच मध्य. म्हणजे एमवर काटा मध्यावर आणून काढलेला फोटो आणि एव्हीवर काढलेला फोटो उजेडाच्या हिशोबाने एकच, फक्त तुमचं चाक फिरवून होईस्तोवर फुलपाखरू उडून जातं. आणि काळेपांढरे फोटो बहुतेक याच्यामुळे येतायत की अंगणात उन्हात केलेली सेटिंग घेऊन तुम्ही घरात शिरताय किंवा घरातली घेऊन अंगणात येताय. भर उन्हातलं अंगण आणि घरातली बैठकीची खोली यांच्यातला उजेडाचा फरक दोनशे-तीनशे पटीचा सहज असतो, आपल्या डोळ्याला तो जाणवतच नाही कारण डोळा लगेच सावरून घेतो, पण एमवरचा कॅमेरा सावरून घेत नाही, त्याला तुम्हीच सांगितलंय की मधे पडू नको.

मग एम असतो कशाला? तर जिथे उजेड बदलत नाही पण कॅमेरा फसतो तिथे. काळ्या आकाशातला चंद्र, दिवाळीतली फटाक्यांची आतषबाजी, नाटकाचं स्टेज जिथे मागे सगळा काळोख आणि नटावर एकच झोत. असं काही काढायची वेळ येईल तेव्हा एम शिका, एका संध्याकाळीत येतो तो. आत्ता चाक एव्हीवर आणा, आयएसओ (कमी उजेडात फोटो किती उजळवायचा त्याचा आकडा) ऑटोला टाका, आणि पुढचे काही आठवडे एकच आकडा तुमच्या हातात ठेवा, तो म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सच्या आतलं उजेड येण्याचं भोक. एफचा आकडा लहान केला की मागचं धूसर होतं आणि उजेड जास्त आत येतो, मोठा केला की पुढचं मागचं सगळं स्पष्ट व्हायला लागतं आणि शटर हळू होतं. बाकीचं गणित कॅमेऱ्याला करू द्या, त्याचा पगार तोच आहे.

आता भाचीच्या फोनचं. तुम्ही धरून चाललाय की महागाचा कॅमेरा म्हणजे फोटो आपोआप चांगला, आणि तो येत नाही म्हणजे चूक तुमची. पण फोनमध्ये बटण दाबलं की तो एका फोटोऐवजी भराभर बरेच फोटो घेतो, ते एकावर एक बसवतो, आभाळ वेगळं सावरतो, चेहरा वेगळा उजळवतो, हिरवा रंग अजून हिरवा करतो आणि मग तुम्हाला दाखवतो. तुमचा डीएसएलआर यातलं जवळपास काहीच करत नाही, जो उजेड पडला तो एकदाच घेतो आणि देतो. त्यामुळे फोनच्या छोट्या स्क्रीनवर फोन जिंकणारच, त्याचं मनाला लावून घेऊ नका. आणि ज्या फोटोत समोर तेरड्याचा गुलाबी गालिचा, मागे ढग आणि मधे भाचे कंपनी, तो फोटो बिनधास्त फोनवर काढा, मीपण तेच करते. कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा सेन्सर फोनच्या मानाने कितीतरी मोठा, त्याची मजा कळते ती लांबचा पक्षी टेलिफोटोने (तुमच्या ५५-२५० ने) जवळ आणला की, मागचं खरंखुरं धूसर झालं की, किंवा फोटो मोठा करून भिंतीवर लावला की. म्हणजे फोनला जे जमत नाही ते कॅमेऱ्याकडे द्या, स्पर्धा कशाला लावायची.

कासला तुमचं काय झालं असेल याचा मला अंदाज आहे. सीतेच्या आसवांसारखं बोटाच्या पेरापेक्षा लहान फूल, आजूबाजूला गवत, वर वारा. कॅमेरा स्वतः फोकसचा पॉइंट निवडत असेल तर तो बहुतेक वेळा सगळ्यात जवळची गोष्ट पकडतो, म्हणजे फुलाच्या पुढची गवताची काडी. तुमच्या कॅमेऱ्यात असे नऊ पॉइंट आहेत, त्यातला फक्त मधला निवडून ठेवा. फुलावर तो पॉइंट ठेवायचा, बटण अर्धं दाबायचं, टीक वाजलं की बटण तसंच अर्धं दाबून ठेवून चौकट हवी तशी हलवायची आणि मग पूर्ण दाबायचं. दुसरं म्हणजे अंतर. १८-५५ लेन्स पाव मीटरपेक्षा जवळ फोकसच करत नाही, आणि हे अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजायचं नाही, सेन्सरपासून मोजायचं, कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक गोल आणि त्यातून आडवी रेघ अशी खूण असते तिथे सेन्सर आहे. ५५-२५० ला तर साधारण मीटरभर लांब राहावं लागतं. लोक फुलाला नाक लावतात आणि मग लेन्स घुर्र घुर्र करत मागेपुढे होत राहते, बटण दबतच नाही, आणि वाटतं कॅमेरा बिघडला. तर मागे सरका आणि झूम करा.

शिवाय वारा. फूल हलत असेल तर लेन्सवरचं स्टॅबिलायझर काही कामाचं नाही, ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, फुलाची नाही. अशा वेळी आयएसओ ८०० पर्यंत गेला तरी जाऊ द्या, शटर जलद मिळतं. आणि आकाश भरून आलेलं असलं की वैतागू नका, फुलांना तोच उजेड चांगला, कडक ऊन पडलं की पाकळ्या फटफटीत दिसतात. (जाता जाता, कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या नावाने जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तरी लोक फुलांवर आडवे होऊन फोटो काढतात. तुम्ही तसल्या नाही हे पत्रावरून कळतंच, पण हे बाकीचे पण वाचतायत म्हणून लिहिलं, पायवाटेवरूनच काढा, टेलिफोटो त्याचसाठी दिलीये.)

वयाचं म्हणाल तर वयाचा एकच संबंध आहे आणि तो चष्म्याचा. चाळिशीनंतर जवळचं दिसायला कुरकुर सुरू होते, मग व्ह्यूफाइंडरमधून बघितलं की सगळंच अंधुक, आणि माणूस फोकस शोधत बसतो. व्ह्यूफाइंडरच्या रबराशेजारी एक बारीकसं खाचांचं चाक आहे, डायॉप्टरचं. कॅमेरा एखाद्या कोऱ्या भिंतीकडे धरा आणि आतले पॉइंट आणि आकडे एकदम टोकदार दिसेपर्यंत ते फिरवा, भिंतीकडे लक्ष देऊ नका. चष्मा लावून काढणार असाल तर चष्मा लावूनच हे करा. कितीतरी जणांना कॅमेरा घेऊन वर्ष झालं तरी ते चाक आहे हेच माहीत नसतं, आणि घरात दुसऱ्या कोणी हाताळताना ते नकळत फिरलेलं असतं. दुसरं, फोनची सवय म्हणून मागच्या स्क्रीनवर बघत हात लांब करून काढत असाल तर ते सोडा, तुमच्या मॉडेलचं फोकस स्क्रीनवर बरंच मंद चालतं, व्ह्यूफाइंडरमधून झटकन होतं. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकला की हातपण स्थिर.

एव्हीवर आलात तरी काही फोटो काळपट किंवा फिके येतील, त्यामागचं कारण समजून घ्या कारण ते एकदा कळलं की अर्धा कॅमेरा कळला. कॅमेऱ्याच्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, तो समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी यावं असं बघतो. आता समोर देवळातली काळ्या पाषाणातली मूर्ती आहे, चौकटभर काळंच काळं. मीटर म्हणतो इथे उजेड कमी आहे आणि फोटो उजळवतो, मूर्ती राखाडी होते आणि गळ्यातला मोगऱ्याचा हार पांढरा भगभगीत, एकही पाकळी वेगळी दिसत नाही. उलट वारीत उन्हात पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर अशी दिंडी चौकटभर असली की मीटर म्हणतो केवढा हा उजेड, आणि फोटो काळपट करतो, धोतरं धुवायला झाल्यासारखी मळकट आणि टोपीखालचे चेहरे काळे. म्हणून काळं जास्त असलं की उणे करायचं आणि पांढरं जास्त असलं की अधिक करायचं, सुरुवातीला वाटतं त्याच्या बरोब्बर उलट. मागच्या बाजूला एव्ही आणि अधिक-उणेची खूण असलेलं बटण आहे, ते दाबून धरून चाक फिरवा, काटा एक घर इकडे किंवा तिकडे. एवढं एक बटण हाताला लागलं ना, की एमवर जे तुम्ही धडपडत करत होतात ते सगळं याच्यात आलं. फक्त काम झालं की काटा परत मध्यावर आणा, नाहीतर पुढचे सगळे फोटो तसेच येत राहतात.

सरावाला कास लागत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत पितळी तांब्या ठेवा आणि एकदा खिडकी तुमच्या पाठीशी, एकदा बाजूला, एकदा तांब्याच्या मागे अशी येईल असं फिरून तिन्हीकडून काढा. बाजूच्या उजेडात तांब्याचा गोलवा दिसायला लागतो, समोरच्यात तो चपटा होतो, मागच्यात काळी आकृती उरते. माणसांच्या चेहऱ्याचं पण अगदी असंच असतं, आणि हे कोणत्याही मोडवर, कोणत्याही लेन्सवर असंच असतं. शाळेतल्या मुलांवर सराव करावासा वाटेल, करा, पण आईबापांना विचारून, आणि ते फोटो ग्रुपवर नकोत.

पुतण्याच्या लेन्सबद्दल. तो चुकीचं सांगत नाहीये, थोडं आधी सांगतोय. किट लेन्स ५५ वर एफ ५.६ च्या खाली जात नाही आणि ५० एमएम एफ १.८ तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते, संध्याकाळी घरात हा फरक फार मोठा. पण तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान, त्यामुळे ती ५० ची लेन्स फुल फ्रेमवरच्या ८० सारखी दिसते, म्हणजे एका माणसाचा चेहरा झकास आणि चार माणसं बसवायची तर मागे सरकत सरकत तुम्ही जिन्यात. त्यातून १.८ वर फोकसची जागा इतकी पातळ की डोळा स्पष्ट आणि कान अंधुक, नवशिक्याला तेही जड जातं. तेव्हा किट लेन्सवरच झूम ५० वर ठेवून, हात न लावता, एक रविवार घरात फिरून बघा. गुदमरायला झालं तर २४ एमएम एफ २.८ ची चपटी लेन्स बघा, आवडलं तर ५०. पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, घेण्याआधी एकदा तसंही करता येईल. आणि किट लेन्स भिकार वगैरे काही नसते हो, दिवसा एफ ८ वर तिचा फोटो बघून भलेभले लेन्स ओळखू शकणार नाहीत.

विकायचं म्हणाल तर मिस्टरांचा मुद्दा व्यवहाराचा आहे, पण त्यातली घाई चुकीची वाटते. कॅनन काय किंवा निकॉन काय, २०२० नंतर दोघांनीही नवा डीएसएलआर आणलेला नाही, सगळं मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे गेलंय, त्यामुळे जुन्याची किंमत पडायची तेवढी पडलेलीच आहे, सहा महिन्यांनी विकलात तरी फार काही बुडणार नाही. वर्षभराने मिररलेस घ्यावासा वाटलाच तर या दोन्ही लेन्स अडॅप्टर लावून कॅननच्या आर मालिकेतल्या कॅमेऱ्यावर चालतात. मात्र तोवर तो कपाटात बॅगेत गुंडाळून ठेवू नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात आणि मग कोणी फुकटपण नेत नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, बस. लेन्स पदराने पुसायची नाही, आधी ब्लोअरने धूळ उडवायची.

आता बारसं, कारण ते तोंडावर आलंय. इथे प्रश्न कॅमेऱ्याचा नाहीच मुळी. तुम्ही बाळाची काकू आहात. ओट्या भरताना, पाळण्यापाशी, जेवणावळीत तुम्ही सगळीकडे हव्या असणार, आणि फोटोग्राफर एकाच वेळी काकू असू शकत नाही. शिवाय पहिल्याच घरच्या कार्यात सगळी जबाबदारी डोक्यावर घेऊन चार फोटो हुकले की पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं, घरचे पैसे वाचवतात ते असे. तेव्हा आजच जाऊबाईंना फोन करा आणि सरळ सांगा की अजून मी शिकतेय, हॉलचा फोटोग्राफर ठेवा, ग्रुप फोटो आणि स्टेज त्याचं, मी माझ्या हौसेने मधले मधले काढीन. राग येईल थोडा. आधी आलेला बरा.

आणि मधले मधले म्हणजे दुय्यम असं समजू नका. आदल्या दिवशी पाळणा सजवताना, बाळाची आजी घुगऱ्यांचं पातेलं उतरवताना, बाळंतिणीची वेणी घालताना, हे भाड्याचा फोटोग्राफर कधीच काढत नाही, कारण तो येतो तेव्हा सगळे आवरून बसलेले असतात. यातलं बरंचसं दिवसाउजेडी, खिडकीशी होतं, तिथे तुमची एव्ही आणि किट लेन्स पुरते.

हॉलमध्ये मात्र एव्ही सोडा आणि टीव्हीवर जा, कारण कमी उजेडात एव्ही शटर १/६० पर्यंत खाली नेते आणि माणसांचे हात, बांगड्या, बाळाच्या मुठी सगळं हललेलं येतं. टीव्हीवर शटर १/१२५ ठेवा, आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ६४००. फोटोत दाणे दिसतील, दिसू देत, दाणेदार फोटो लोक फ्रेम करतात, हललेला कोणी करत नाही. कॅमेऱ्यातून वर उघडणारा फ्लॅश बंदच ठेवा, चार-पाच मीटरपलीकडे त्याचा उजेड पोचत नाही, जवळ असलेलं पांढरं करतो, लेन्सवर हूड राहिलं असेल तर खाली अर्धगोल काळी सावली पाडतो, आणि बाळ दचकलं तर आज्या तुम्हाला हॉलबाहेर काढतील. हॉलमध्ये एलईडी एक, पिवळे बल्ब दुसरे असा मिश्र उजेड असतो, चेहरे पिवळे वाटले तर व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग सावरणारी सेटिंग) ऑटोवरून टंगस्टनला, म्हणजे पिवळ्या बल्बच्या खुणेला टाकून एक फोटो काढून बघा, जे बरं दिसेल ते ठेवा.

आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो आणि नेमक्या तेव्हा सगळ्या बायका वाकून पुढे येतात, मागून एकजण आत्याच्या पाठीत धपाटे घालत असते. आत्याच्या मागे उभं राहिलात तर फक्त अंबाडा आणि गजरा मिळेल. पाळण्याच्या पलीकडच्या बाजूला, बाळाच्या ज्या कानात नाव सांगणार त्याच्या विरुद्ध बाजूला थोडं खाली बसा, पॉइंट बाळाच्या चेहऱ्यावर ठेवून आधीच अर्धं बटण दाबून फोकस घ्या, कॅमेऱ्याच्या मागच्या बटणांमधला ड्राइव्ह मोड सलग फोटोंवर टाकलेला असू द्या, आणि आत्या वाकायला लागली की दाबून धरा. नणंदबाईंना आधी सांगून ठेवा की डावीकडून वाका की उजवीकडून, त्या ऐकतील. पाळणा कुठे टांगणार हेही आधी विचारा, आणि जमलं तर खिडकी किंवा मोठा दिवा त्याच्या बाजूला येईल असं सरकवून घ्या, मागे नको.

आदल्या रात्री बॅटरी पूर्ण चार्ज करा, कार्डावरचं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून झालं याची खात्री करून मगच कार्ड फॉरमॅट करा, आणि पाळण्यात बाळाऐवजी उशी ठेवून एकदा हे सगळं करून बघा. ती कुर्र झाली की कॅमेरा पुतण्याच्या हातात द्या, मोड तसाच राहू दे, आणि दोरी धरायला जा.